ब्रॉडीची आणेवारी

नाना, त्या शुक्रवारी गाडीत तुम्ही माझ्यावर ओरडायला हवं होतं. निखिल सातवीत गणितात नापास झाला तेव्हा तुम्ही म्हणे चार घरांना ऐकू जाईल असे ओरडला होतात. मग सुनेच्या वेळी काय झालं? तुम्ही काच खाली केलीत, जंगलाच्या वणव्याचा धूर आत आला, तुम्ही खोकलात आणि काच परत वर केलीत. बस्स. पुढचे चार दिवस आपण चहा आणि औषधं यांच्यापलीकडे एक शब्द बोललो नाही. पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही उठलाच नाहीत. भांडण संपवायची ही काय पद्धत झाली?

तुमचं तेरावं होऊन आठवडा झाला. तेराव्याला एडमंटनमधली सगळी ओळखीची मंडळी आली होती. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं एकेक जण सांगत होता. मी वाढता वाढता मनात म्हणत होते, यांना काय माहीत? हा शांत माणूस बेसबॉलचा पिचर बघताना कसा पिसाळतो ते बघायला यांच्यापैकी कुणी तुमच्या शेजारी बसलेलं नाही. मी चार उन्हाळे बसले.

आई गेल्यानंतर निखिल तुम्हाला नागपूरहून इथे घेऊन आला, तेव्हा तुम्ही बेसमेंटमधल्या खोलीत दिवसभर मोबाइलवर बातम्या लावून बसायचात. एकच बातमी चार चॅनेलवर. मला वरून ऐकू यायचं आणि माझं डोकं उठायचं. शेवटी एका रविवारी मी म्हटलं, चला माझ्याबरोबर मैदानावर. मी एरवी सॉफ्टवेअरमध्ये, पण उन्हाळ्यात नदीकाठच्या त्या छोट्या बेसबॉल क्लबचे आकडे बघते. सुट्टीत खेळायला आलेली कॉलेजची पोरं. चेंडू टाकणारे पिचर कोण किती वेगाने टाकतात, चेंडू किती वळतो, कुणाला ठेवावं, कुणाला जाऊ द्यावं, हे माझं काम.

पहिल्या दिवशी तुम्हाला तो खेळ जराही आवडला नाही. "टप्पा नाही, ओव्हर नाही, अन् हे सगळे थुंकून काहून राहिले?" असं तुम्ही एवढ्या मोठ्यानं विचारलंत की पुढच्या रांगेतली पंजाबी मावशी वळून हसली. मग मी लॅपटॉप उघडून एकेका नावासमोर मार्क भरायला लागले आणि तुमची मान माझ्याकडे वळली.

"हे काय करून राहिली?"

"किंमत ठरवायची असते नाना. हा पोरगा पुढे किती चांगला होईल ते आत्ता सांगायचं."

"पीक उभं असतानाच?"

"हो, तसंच काहीसं."

"हाव, मग ही आणेवारीच झाली ना बेटा."

मी पुण्याची. आणेवारी हा शब्द मी फक्त बातम्यांत ऐकलेला. तुम्ही मंडळ अधिकारी म्हणून तीस वर्षं यवतमाळकडच्या शिवारांतून हेच करत हिंडलात, हे मला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्या लाकडी बाकावर कळलं. उभं पीक बघून किती उतरेल ते सांगायचं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, आणि पीक कापून तोलून झाल्यावर अंतिम. आकडा पन्नासच्या वर गेला की गावाचं बरं चाललंय असं सरकार धरून चालतं, खाली गेला की गावाला सवलती मिळतात. सरकारनं आण्यांचे पैसे केले त्याला किती वर्षं झाली, तरी तुमच्या तोंडात आणेच राहिले.

त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक मॅचला. आपला नियमही तुम्हीच केलात. गेटबाहेर पडेपर्यंत कुणी कुणाला आकडा सांगायचा नाही, चेहऱ्यावरसुद्धा काही दाखवायचं नाही. गाडीत बसायचं, बेल्ट लावायचा, आणि दोघांनी एकदम बोलायचं. म्हणजे कुणी कुणाच्या आकड्याला धरून आपला आकडा सरकवणार नाही. मी इथल्या रिवाजाप्रमाणे वीस ते ऐंशीमध्ये मार्क द्यायची, तुम्ही सोळा आण्यांपैकी. "पंचेचाळीस!" "सात आणे!" पार्किंगमधून बाहेर पडताना असं ओरडणारे आपण दोघंच होतो.

आणि तुमचं सगळंच बरोबर यायचं असं काही नाही हां. तेराव्याला कुणीतरी तुम्हाला 'पारखी नजर' म्हणालं, तेव्हा मला तो उंच डावखुरा आठवला. चौदा आणे दिले होते तुम्ही त्याला! "याचं सोनं होणार, लिहून ठेव." मी लिहून ठेवलं. दुसऱ्याच महिन्यात तो बेसबॉल सोडून रेड डीअर गावात फर्निचरच्या दुकानात लागला. मी तुम्हाला त्यावरून दोन वर्षं छळलं. तुम्ही म्हणायचात, "त्याचा हात चांगला होता. मन दुसरीकडे होतं, ते वरून कसं दिसणार?" मीही कमी चुकले नाही. मी वीस मार्क देऊन घरी पाठवायला सांगितलेला एक जण आता अमेरिकेत मोठ्या क्लबच्या खालच्या संघात खेळतो. त्याचं नाव तुम्ही भाजी चिरताना मुद्दाम गुणगुणायचात.

रिलीव्हरवरून तर आपलं कायमच वाजायचं. रिलीव्हर म्हणजे पहिला पिचर दमला की शेवटी येणारा. आठवड्यात दोनतीनदा येतो, पंधरावीस चेंडू टाकतो आणि जातो. एवढ्याशा चेंडूंवरून काय कळणार कुणाला? दोन संध्याकाळी वाईट गेल्या की त्याचा अख्ख्या उन्हाळ्याचा आकडा घाण होतो. हे मीच तुम्हाला सांगायची. आणि तुम्ही विचारायचात, "काहीच कळत नाही म्हणतेस, मग लिहितेस काहून?" मी म्हणायची, कारण डगला लागतं. डग म्हणजे आमचा कोच. त्याच्याकडे आठ रिलीव्हर, आणि त्यांची उतरंड लावून देणं माझं काम.

यंदा त्या आठांत ब्रॉडी आला. सस्कॅचेवानमधल्या एका एवढ्याशा गावचा, बावीस वर्षांचा, मान खाली घालून चालणारा. त्याच्या आईच्या शेतात मसूर पिकते हे कळल्यावर तुम्हाला कोण आनंद! "अव् माय, आपण यांच्याच घरची डाळ खाऊन राहिलो!" पुढच्या मॅचला तुम्ही मसुरीच्या आमटीचा डबा घेऊन गेलात. त्यानं तो उभ्या उभ्या, चमच्याशिवाय प्यायला. त्याला वाटलं सूप आहे. तेव्हापासून तुम्ही तुमची घडीची खुर्ची उचललीत आणि बुलपेनच्या जाळीपाशी नेऊन ठेवलीत.

बुलपेन म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातली ती कुंपणाआडची पट्टी. आत जायची वेळ येईल असं वाटलं की कोच फोन करतो, रिलीव्हर तिथे उठून चेंडू टाकत हात गरम करतो. कधी त्याला बोलावतात, कधी नाहीच बोलावत, मग तो परत बाकावर बसतो. मी तिथे कधी गेले नव्हते. माझं सगळं वेग मोजणाऱ्या मशीनवर येतं. तुम्ही मात्र तिथे बसून तुमच्या लांब रजिस्टरमध्ये रेघा मारायचात, पोती मोजताना मारतात तशा, चार उभ्या आणि एक आडवी. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चाळा हवा. खरं सांगते, मी ते रजिस्टर एकदाही उघडून बघितलं नाही.

जुलैत ब्रॉडीचा वेग उतरायला लागला. तीन आठवडे सलग. प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, आधी डगला माझी यादी हवी होती, आणि त्यानंतरच्या शनिवारी अमेरिकेतल्या एका कॉलेजचा स्काउट, म्हणजे खेळाडू निवडणारा माणूस, पोरं बघायला येणार होता. यादीत वर असेल त्याला डग स्काउटसमोर उतरवणार, तळाशी असेल त्याला घरी पाठवणार. ब्रॉडीचं त्याच्या कॉलेजातलं शेवटचं वर्ष संपलेलं. ही संधी गेली की तो ट्रॅक्टरवर, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

तर तो शुक्रवार. धुरानं सूर्य तांबडा झालेला, ब्रॉडी आला आणि मार खाऊन गेला. गाडीत बसलो, बेल्ट लावले, आणि एकदम बोललो. मी म्हटलं, "तीस." तुम्ही म्हणालात, "अकरा आणे."

एवढं अंतर आपल्यात कधीच पडलं नव्हतं. मी चिडले. "नाना, वेग उतरलाय. मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन फक्त खेळवलेले चेंडू मोजते. हा पोरगा त्या कोपऱ्यात रोज टाकून राहिला. आज दोनदा उठवला, दोनदा बसवला, मग दमलेला आत नेला. कोपर दुखतं त्याचं. चेंडू सुटला की हात कसा झटकतो, पाहिलं का तू?"

"वॉर्म-अपचे चेंडू आमच्याकडे कुणी धरत नाही."

"काहून नाही धरत? हात त्याचाच आहे ना?"

उत्तर सुचलं नाही की माझी जीभ सुटते, हे तुमच्या मुलानं तुम्हाला लग्नाआधीच सांगितलं असणार. तुम्ही म्हणत होतात, "एक दिवस येऊन बैस ना माझ्यापाशी. खुर्ची टाकून बैस, मग लिही." अगदी साधं बोलत होतात. मी म्हटलं, "जीपमधून न उतरता बावन्न लिहून आलेल्या माणसानं मला शिकवू नये."

हे वाक्य मी आता इथे लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. ते तुम्ही मला एकटीला सांगितलं होतंत. मागच्या नोव्हेंबरात विंटर टायर बसवायला गेलो होतो, दोन तास थांबावं लागलं, तिथल्या कडू कॉफीचा कप हातात धरून तुम्ही सांगितलंत. नोकरीचं दुसरंच वर्ष, ऊन मी म्हणतंय, तुम्ही जीपमधून उतरलाच नाहीत. रस्त्यालगत नाल्याच्या ओलीवर पीक हिरवंगार दिसलं आणि तुम्ही बावन्न लिहिलंत. आत शंभर पावलांवर सगळं वाळलेलं होतं. सुधारितच्या वेळी तुम्ही साहेबांना सांगायला गेलात, तर ते म्हणाले, आता कशाला आकडा हलवता? गावाला त्या वर्षी काही मिळालं नाही. "निखिलला नको सांगू," म्हणालात. निखिलला नाही सांगितलं मी. तुमच्याच तोंडावर फेकलं.

शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. तुम्ही वर येऊन चहा घ्यायचात, कप विसळून ठेवायचात. मी रोज ठरवायची, आज म्हणते, नाना, चुकलं माझं. मग मीटिंग लागायची, मग कुकर लागायचा. पुणेरी मान, वाकताना दुखते. मंगळवारी संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "जरा फिरून येतो," आणि मी स्क्रीनवरून नजर न उचलता "बरं" म्हटलं. तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द 'बरं'.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. ॲम्ब्युलन्सची माणसं बूट न काढता आत आली, आणि मला उगाच वाटलं की तुम्ही त्यांना रागवाल. शनिवारी दहनाच्या त्या गालिचा घातलेल्या हॉलमध्ये, बटण दाबायच्या आधी, सगळ्यांनी पायांवर डोकं ठेवलं. मी ठेवलं तेव्हा म्हटलं, चुकलं माझं. मोठ्यानं म्हटलं. निखिलनं चमकून बघितलं. तुम्हाला सांगायला चार दिवस होते आणि मी सांगितलं ते तेव्हा.

तुम्ही गेल्यापासून सहाव्या दिवशी तुमची खोली आवरायला घेतली. निखिल चादरी काढत होता, मी टेबल. रजिस्टर उघडलं. सगळं ओळीनं, तुमच्या त्या कचेरीतल्या अक्षरात. 'उठवला. चेंडू २२. बसवला. परत उठवला. १८. खेळवला नाही.' पान उलटलं तर तेच. माझ्या मशीनप्रमाणे ज्या आठवड्यात ब्रॉडी दोन दिवस खेळला, त्या आठवड्यात तुमच्या रेघांप्रमाणे तो सहा दिवस चेंडू टाकत होता. आणि शेवटचं पान मंगळवारचं. तुम्ही फिरायला गेला नव्हतात. दोन बस बदलून, त्या धुरात, एकटे मैदानावर गेला होतात. 'उठवला. ३१. बसवला. कोपर धरून बसला.'

यादी शुक्रवारी द्यायची होती. गुरुवारी यादीआधीची शेवटची मॅच.

गुरुवार म्हणजे तुमचा नववा दिवस. मी चपला घालायला लागले तेव्हा निखिल दारात आला. "मुग्धा, सीरियसली? दहावंसुद्धा झालं नाही अजून. गेम बघायला चाललीस?"

"तुझ्या बाबांचंच काम आहे."

"आता बाबांचं काम? त्या आठवड्यात तू त्यांच्याशी बोलतसुद्धा नव्हतीस. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

नाना, तो मोठ्यानं बोलला नाही. तुमच्यासारखंच हळू बोलला. मी काय बोलले होते ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही, कारण ते सांगायचं तर जीपचंही सांगावं लागेल. तुमचा शब्द आता पाळते आहे, तो असा. मी नुसतं म्हटलं, "माझं चुकलंय काहीतरी. बघून येते." तो बाजूला झाला.

तुमची खुर्ची टाकून मी जाळीपाशी बसले. मशीन नाही, नुसती पेन्सिल. चौथ्या डावात फोन वाजला, ब्रॉडी उठला. मी रेघा मारायला लागले. एकोणीस चेंडू, बसवला. सहाव्यात परत उठवला. आता मला दिसलं, नाना. चेंडू सुटला की तो हात असा झटकायचा, तापलेला तवा चुकून धरल्यावर झटकतो तसा. मग कुणी बघत नाही ना हे बघून कोपरावरून बोटं फिरवायचा. चोवीस झाल्यावर परत बसवला. आत बोलावलंच नाही. उद्या माझ्या मशीनवर त्याच्या नावापुढे शून्य चेंडू दिसले असते.

तो जाळीशी पाणी प्यायला आला तेव्हा मी विचारलं, "हात दुखतोय ना?"

"आय ॲम गुड," तो म्हणाला.

"ब्रॉडी, मी त्रेचाळीस मोजलेत. नानांनी महिनाभर मोजलेत."

त्याचा चेहरा पडला. त्यानं मागे वळून डग बघत नाही ना ते पाहिलं आणि जाळीला तोंड लावून म्हणाला, "प्लीज, हे लिहू नका. शनिवारी स्काउट येतोय. दुखरा हात कुणी घेत नाही. एवढा एक शनिवार जाऊ द्या, मग काय लिहायचं ते लिहा."

आता सांगा मला, काय करायचं होतं मी? तीस लिहिलं तर तो घरी. हात दुखतो लिहिलं तरी घरी. पन्नास लिहून गप्प बसले असते तर शनिवारी त्यानं जीव तोडून टाकलं असतं, आणि कोपर गेलं असतं तर? किंवा गेलंही नसतं! तेच तर. कदाचित त्या एका संध्याकाळी त्याचं नशीब निघालं असतं. मी घरी येऊन बेसमेंटमध्ये तुमच्या पलंगावर बसले आणि तुम्हाला शिव्या घातल्या. गाडीतला तुमचा आकडा मला हवा होता. मी एकटीच बोलले तर तो नियम कसला?

शुक्रवारी मी सात जणांचे मार्क लिहिले. ब्रॉडीसमोर मार्क लिहिला नाही. तुमच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो लावले, आकडे इंग्रजीत उतरवले, आणि खाली एवढंच लिहिलं की याचा वेग उतरलाय तो या रेघांमुळे असावा, डॉक्टरला दाखवल्याशिवाय याला चेंडू देऊ नये, आणि हात बरा झाल्यावर याची किंमत परत ठरवावी. खाली आपल्या दोघांची नावं घातली. आधी तुमचं.

दहाव्या मिनिटाला डगचा फोन. "मुग्धा, मी तुझ्याकडे नंबर मागितला होता. हे काय आहे? तुझ्या सासऱ्यानं पेन्सिलनं मारलेल्या रेघा?"

"हो."

"त्या मोजायला त्याला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. म्हणूनच कुणी मोजल्या नव्हत्या."

वाईट माणूस नाही तो, नाना. पिचर कमी पडत होते, जो सांगेल तेव्हा उठायचा त्याला तो उठवत गेला. शेवटी म्हणाला, "मी त्या पोराचा हात जाळतोय असं तू लेखी दिलंयस मला. आता मी त्याला उतरवूच शकत नाही, कळतंय ना तुला?" मी म्हटलं, कळतंय.

शनिवारी ब्रॉडी साध्या कपड्यांत बाकावर बसून होता. स्काउटनं दुसऱ्या एकाचं नाव लिहून घेतलं. मॅचनंतर पार्किंगमध्ये ब्रॉडीनं मला गाठलं. एरवी मान खाली घालणारा पोरगा, त्या दिवशी सरळ डोळ्यांत बघून म्हणाला, "तुम्हाला काय गेलं यात? माझं सगळं गेलं." तो ट्रक सुरू करून गेला, आणि मी गाडीत बसून, बेल्ट लावून, बराच वेळ तशीच.

मग तुमचं तेरावं झालं. रोज वाटायचं, मी परत एकदा भलतंच लिहून बसले का? तुमच्या नावावर?

काल दुपारी फोन आला. सस्कॅचेवानचा नंबर. ब्रॉडीची आई. आवाज उन्हात काम करणाऱ्या बाईचा, मोठा, मोकळा. डॉक्टरनं सांगितलं होतं की कोपरातला अस्थिबंध ताणलाय, फाटलेला नाही. आणखी थोडा ताणला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, रेघांमुळेच झालं असंही सांगता येत नाही. हिवाळाभर चेंडूला हात लावायचा नाही. वसंतात बघू. "पोरगा रागावलेला आहे," ती म्हणाली. "घरात कुणाशी धड बोलत नाही. पण हात शाबूत आहे त्याचा. ज्या म्हाताऱ्यांनी चेंडू मोजले, त्यांना फोन द्या जरा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

नाना, तिला माहीतच नव्हतं. तुम्ही गेलात हे मी त्या दोन आठवड्यांत शंभर जणांना सांगितलं असेल, पण तिला सांगताना मला वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. मी म्हटलं, ते नाहीत आता. ज्या मंगळवारी शेवटचे मोजले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

मग तिनं फोन बाजूला धरून हाक मारली, कुणाशी तरी बोलली, आणि फोनवर ब्रॉडी आला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, ते येत नाहीत कारण माझा राग आलाय."

"नाही रे," मी म्हटलं.

"त्या मंगळवारी एकटेच आले होते. मला म्हणाले, हात दुखतो ते माझ्या सुनेला सांग, ती रिपोर्ट लिहिते. मी म्हटलं, तिनं मला कधीच मोडीत काढलंय, सगळ्यांना माहीत आहे." मग तुमचं इंग्रजी जसंच्या तसं म्हणून दाखवलं त्यानं, तुमच्या त्या ठासून बोलायच्या पद्धतीसकट. "नो, नो. शी इज अँग्री विथ मी. बट शी विल कम. शी विल सिट हिअर, देन शी विल राइट."

मी फोन धरून जिन्यात बसले. शुक्रवारी मी तुम्हाला ते बोलले होते, आणि मंगळवारी तुम्ही दोन बस बदलून जाऊन त्या पोराला माझी खात्री देत होतात. हे त्याला जाळीपाशी सांगितलंत. घरी येऊन मला सांगायला काय झालं होतं, नाना?